वाडा ट्रकमधून निघाला तेव्हा

माझ्या मामाचं घर तीन दिवसांत गेलं. तापीकाठच्या त्या गावात ते 'मोठं घर' म्हणून ओळखलं जायचं. वाडा म्हणावं एवढा डौल त्याला नव्हता आणि नुसतं घर म्हणावं एवढं ते लहानही नव्हतं. सोळा खणांचं (दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण), पुढे ओसरी, मध्ये उघडा चौक, मागे गोठा, वर पांढऱ्या मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत. पहिल्या दिवशी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याची माणसं आली आणि त्यांनी धाब्यावरची माती खाली ढकलली. दुसऱ्या दिवशी कडीपाट निघाला. तिसऱ्या दिवशी तुळया, खांब, दोन कोरीव दरवाजे आणि देवघराची चौकट ट्रकमध्ये चढली. खांबांखालचे तळखडे तेवढे त्यांनी नेले नाहीत, कारण दगडाला गिऱ्हाईक नव्हतं.

मी मामाला विचारलं, ''एवढी कसली घाई होती?'' एक मुलगा सुरतेला, दुसरा पुण्याला, मामीचे गुडघे गेलेले. तो एवढंच म्हणाला, ''दर साल धाबावर माती कोन टाकी, भाचा?''

दोन-तीन वर्षांनी महामार्गावरच्या एका हॉटेलात चहाला थांबलो, तर गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर सागवानी चौकट शोभेला लावलेली दिसली. ती मामाचीच होती असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण गणेशपट्टीवरचा गणपती सोंडेच्या डाव्या बाजूला झिजून गुळगुळीत झाला होता, आणि आमची आजी दर दिवाळीला तेलाचं बोट तिथेच टेकवायची. चौकटीच्या आत दारू नव्हती, एवढंच समाधान. पाण्याच्या बाटल्या रचल्या होत्या.

जुनी घरं वाचवायला, प्रसंगी जागेवरून उचलून दुसरीकडे उभारायला सरकारने पैसा द्यावा, असं आमच्याकडे कुणी म्हटलं तर पारावर हशा पिकतो. 'गावात आठ दिवसांनी नळ येतो आणि याला खांब जपायचेत!' हसणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण ते प्रश्न चुकीच्या टोकाने धरतात. खानदेशातली जुनी घरं हलवायची की नाही, हे आता आपल्या हातात राहिलेलंच नाही. ती हलतायत. गेली चाळीस-पन्नास वर्षं रोज कुठून ना कुठून एक ट्रक भरून निघतो आहे. चौकट एका गावाला, खांब दुसऱ्या शहरात, तुळया करवतीखाली जाऊन नव्या सोफ्यात. ठरायचं आहे ते एवढंच, की घर अख्खं हलेल की तुकड्यातुकड्यांनी, आणि हललेलं घर शेवटी कुणाच्या वाट्याला येईल. त्यात सरकारने पडावं असं माझं म्हणणं आहे. जिथे घर जागेवर राहू शकतं तिथे ते राखायला, आणि जिथे जागाच जाणार आहे तिथे ते सोडवून जवळच पुन्हा उभं करायला. पैसा सगळ्यांचा, म्हणून अटीही सगळ्यांच्या.

आधी ही घरं कशी आहेत ते पाहू, कारण बरंचसं त्यातच आलं. सातपुडा जवळ असल्यामुळे सागाला तोटा नव्हता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडे खानदेशच्या कपाशीला कधी नव्हे तो भाव आला. त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत येऊन पोचली. आमच्याकडची म्हातारी माणसं बऱ्याच मोठ्या घरांचं मूळ त्या कपाशीच्या पैशाशी नेऊन जोडतात. या घरांचा सगळा भार खांब-तुळयांवर असतो. भिंती जाड, पण नुसत्या आडोशाला. अतिवृष्टीत भिंत बसते आणि सांगाडा उभाच राहतो. सांधे खिळ्यांवर नसून एकात एक बसवलेले असतात, त्यामुळे बांधलं त्याच्या उलट क्रमाने सोडवत गेलं तर लाकूड न तुटता सुटतं. व्यापाऱ्याची माणसं तीन दिवसांत अख्खं घर उतरवतात ती याच गुणाच्या जोरावर. फक्त ती लाकडांवर आकडे घालत नाहीत. उतरवण्याआधी नकाशा काढला, फोटो घेतले आणि प्रत्येक लाकडावर नंबर टाकला, तर तेच घर दहा मैलांवर जसंच्या तसं उभं राहू शकतं. मातीच्या भिंती अर्थात नव्याने घालाव्या लागतील. पण त्या तशाही दर पिढीला नव्याने घातल्या जायच्याच.

आणि जळगाव-भुसावळचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला धाब्याखालच्या माजघराचं महत्त्व मी काय सांगावं. पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की आम्ही स्लॅबच्या घरात कूलरपुढे लोळतो आणि ज्यांनी मातीचं घर पाडलं त्यांना शिव्या देतो. पाडणारे बहुतेक आम्हीच असतो.

घर उचलून नेणं खानदेशाला नवं नाही, याचाही आपल्याला सोयीस्कर विसर पडतो. नर्मदेवरच्या सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बाधित झाली, सगळी नंदुरबारच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली, सगळी आदिवासी. मणिबेली त्यातलं पहिलं. तिथल्या पावरा-भिल्लांनी आपली घरं स्वतःच सोडवली. खांब, बांबूच्या तट्ट्या, नळीची कौलं, कणग्या असं सगळं उतरवून ते डोंगरातून खाली तळोद्याकडच्या वसाहतींत आले आणि तीच लाकडं पुन्हा उभी केली. खानदेशातलं घरांचं एक मोठं स्थलांतर ते हे, आणि ते करणाऱ्यांकडे वास्तुशास्त्राची पदवी नव्हती. सरकारी कागदात त्याला पुनर्वसन म्हटलं गेलं. वारसा वगैरे शब्द कुणाला सुचले नाहीत. त्याच धरणात शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ बुडालं, तर गुजरातेत गोरा गावाजवळ नवं उभं राहिलं. देवाच्या घराचं मोल सरकारला चटकन कळतं.

पण मणिबेलीच्या लोकांकडून शिकायची खरी गोष्ट वेगळीच आहे. डोंगरातल्या पाड्यात घर आपल्या शेताच्या मध्ये असतं. शेजारघर हाकेच्या अंतरावर, मध्ये पीक, मागे उतार. वसाहतीत प्लॉट आखलेले, एका ओळीत, दाराला दार. खांब तेच, कौलं तीच, आणि तरी ते घर ते राहिलं नाही. त्यामुळे 'घर हलवणं' हा काही रामबाण उपाय आहे असं मी म्हणत नाही. हलवल्यावर लाकूड वाचतं, मांडणी मरते. कुठल्या दिशेला ओसरी, कुणाच्या दारावरून वाट, विहीर किती पावलांवर हे सगळं जुन्या जागेत राहून जातं. म्हणून हलवणं हा शेवटचा उपाय. पण तो उपाय असायला मात्र हवा.

घराचं साहित्य हलवायला सार्वजनिक पैसा द्यावा, हे तत्त्व आपल्या कायद्याला मान्यही आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याची दुसरी अनुसूची काढून बघा. विस्थापित कुटुंबाला, त्याचं सामान, गुरं आणि बांधकामाचं साहित्य हलवण्यासाठी एकरकमी ५०,००० रुपये द्यावेत असं तिथे लिहिलं आहे. म्हणजे धरण, रस्ता, कालवा यांत घर गेलं तर त्याच्या तुळया नेण्याचा खर्च सरकारने उचलायचा, हे ठरलेलं आहे. वाद फक्त रकमेचा. पन्नास हजारांत संसार हलतो, गोठ्यातल्या दोन म्हशी हलतात. सोळा खणांचं घर आकडे घालून, सांधे जपून सोडवायचं तर सुतारांची मजुरीच त्याच्या पुढे जाते. मग साहजिकच घरमालक साहित्य व्यापाऱ्याला विकतो आणि मिळालेल्या भरपाईत सिमेंटचं घर बांधतो. मीही तेच केलं असतं.

आणखी एक कायदा आहे, त्याच्याकडे कुणी बघत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात 'पुरावस्तू'ची व्याख्या केली आहे, तिच्यात शंभर वर्षं जुन्या इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही बसते. पुरावस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो आणि परदेशी नेण्यावर तर खासगी माणसाला बंदीच आहे. आता मामाच्या दरवाजाचा हिशोब करा. तो भिंतीत होता तोवर त्याला कुणी विचारत नव्हतं. भिंतीतून निघाला त्या क्षणी तो कायद्याच्या तावडीत आला, आणि त्याच क्षणी तो ट्रकमध्येही चढला. म्हणजे आपला कायदा निखळलेल्या दरवाजाला किंमत देतो आणि उभ्या घराला देत नाही. हा उफराटा न्याय बदलायला नवा कायदासुद्धा लागणार नाही. गावठाणातलं जुनं घर पाडण्याआधी महिनाभर नोटीस द्यावी, फोटो जमा करावेत, आणि बाजारभावाने ते घेण्याचा पहिला हक्क सार्वजनिक निधीला असावा, एवढा नियम पुरे. व्यापाऱ्याच्या पोटावर पाय द्यायची गरज नाही. त्याच्याइतकी जुन्या लाकडाची पारख पुरातत्त्वाच्या कित्येक पदवीधरांना नसते. उद्या घरं नीट सोडवायची वेळ आली तर त्याचीच माणसं कामाला लागतील.

सरकार घरांवर खर्च करत नाही असंही नाही. बाबासाहेब विद्यार्थी असताना लंडनमध्ये ज्या घरात राहिले ते २०१५ साली राज्य सरकारने विकत घेतलं, आणि ते योग्यच झालं. जळगावच्या जुन्या गावात चौधरी वाड्यात बहिणाबाई राहिल्या. तिथे आज त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. कुणीही गेलं की गप्प होऊन बाहेर पडतं. पण हे थोरांच्या घरांचं झालं. घराला नाव मिळालं की निधी मिळतो. बहिणाबाई १८८० मध्ये आसोद्यात जन्मल्या आणि १९५१ मध्ये जळगावात गेल्या. त्यांच्या कवितेतली चूल, जातं, ओटा, परसातली बाभूळ ही काही एका वाड्याची मालमत्ता नव्हती. ती आसोद्यापासून यावलपर्यंत प्रत्येक घरात होती. ती घरं नाव नसलेली म्हणून गेली. कवयित्रीचं घर ठेवायचं आणि तिची कविता ज्या घरांतून आली ती सगळी पाडायची, हे मला पटत नाही.

नावाच्या घरांबद्दल मात्र माझा एक हट्ट आहे. ती हलवू नयेत. धुळ्याजवळ लळिंगच्या रानात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेबांचा तिथे मुक्काम झाला. दरवर्षी त्या तारखेला तिथे माणसांचा पूर लोटतो, पावसात, चिखलात, पोराबाळांसकट. त्या बंगल्याला कुठला शिलालेख जपत नसून ती गर्दी जपते. उद्या कुणी शहाण्याने तो सोडवून धुळ्यात चांगल्या चौकात आणून बसवला तर त्याला कुंपण मिळेल, रोषणाई मिळेल, आणि लोक मात्र लळिंगलाच जातील. चाळीसगावच्या केकी मूस यांची गोष्ट तर त्याहून सरळ आहे. हा कलावंत स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात दाराआड पन्नासेक वर्षं राहिला, जवळपास बाहेर पडलाच नाही, आणि १९८९ च्या शेवटच्या दिवशी तिथेच गेला. जो माणूस स्वतः हलला नाही त्याचं घर आपण कुठे हलवणार?

तर हलवायची ती कुठली? ज्यांची जागाच जाते आहे ती. रस्ता रुंदीकरणात पुढचे चार खण गेलेली, धरणाच्या फुगवट्यात येणारी, किंवा भाऊबंदकीत मधोमध भिंत पडून निम्मी विकली गेलेली.

याचे नमुने देशात आहेत. पुण्याच्या केळकर संग्रहालयात मस्तानी महाल आहे. कोथरूडच्या मूळ वास्तूचे अवशेष आणून दिनकर केळकरांनी तो पुन्हा उभारला. जागा सुटली, संदर्भ तुटला, ही तक्रार मीही करीन. पण आजचं कोथरूड डोळ्यांपुढे आणा. तिथे तो महाल राहिला असता का? त्याच्या जागी 'मस्तानी हाइट्स' असती. मणिपालला विजयनाथ शेणॉय नावाच्या माणसाने आयुष्य खर्ची घालून कर्नाटकातली पडायला आलेली घरं सोडवून आणली आणि अख्खं गावच उभं केलं. चेन्नईजवळ दक्षिणचित्र १९९६ पासून लोकांसाठी खुलं आहे. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र इथली जुनी घरं तिथे आणून उभारली आहेत. मी ते पाहिलं. सगळं सुरेख, सगळं झाडलोट केलेलं. पण एका ओसरीवर बसलो तेव्हा जाणवलं की इथे धुराचा वास नाही, गोठ्याचा वास नाही, आणि 'कोण रे तिकडे' म्हणून ओरडणारी म्हातारी नाही. ज्या घरात शिरायला तिकीट लागतं, त्यात मुक्कामाचा आग्रह होत नाही. तरीही, ते खांब आज उभे आहेत आणि मामाचे नाहीत.

खानदेशात असं काही करायचं तर माझ्या मते एक भलं मोठं 'वारसा ग्राम' महामार्गालगत उभारू नये. त्याचं काय होतं ते ठाऊक आहे. पहिल्या वर्षी उद्घाटन, दुसऱ्या वर्षी लग्नाचा हॉल, तिसऱ्या वर्षी टाळं. घर त्याच पंचक्रोशीत राहावं. यावलचं घर यावल तालुक्यात, शहाद्याचं शहाद्यात. ग्रामपंचायतीला वाचनालय हवं असतं, आरोग्य उपकेंद्राला जागा हवी असते, बचत गटाला बसायला ओटा हवा असतो. नवा स्लॅब टाकण्याऐवजी सोडवलेलं घर तिथे उभं करा. त्यात रोज माणसं शिरतील, चपला काढतील, चहा सांडतील. घर शोभेला ठेवलं की मरतं आणि वापरात राहिलं की दुरुस्त होत राहतं. ही काही थोर तत्त्वाची गोष्ट नाही. गळतं कुठे हे रोज राहणाऱ्यालाच कळतं.

पण खरा पैसा जागेवरच्या घरांना लागेल, आणि तिथे सरकारी धोरणच आडवं येतं. प्रधानमंत्री आवास योजनेत, ग्रामीण भागात, सपाटीवरच्या लाभार्थ्याला १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि अट अशी की तो बेघर असावा किंवा त्याचं घर कच्चं, फार तर दोन खोल्यांचं असावं. मातीची भिंत आणि मातीचं छत म्हणजे कच्चं. ज्याच्या डोक्यावर झोपडीचं गळकं छत आहे त्याला घरकुल मिळालंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण तीन फूट रुंदीच्या मातीच्या भिंतीचं, सागाच्या खांबांचं दोन खोल्यांचं घरही त्याच खान्यात बसतं. ते पाडून पंचवीस चौरस मीटरची खोली बांधायला पैसा आहे, आणि त्याच्या धाब्यावर नवी माती टाकायला एक रुपया नाही. मामाच्या प्रश्नाचं उत्तर इथे अडकलं आहे. दर पावसाळ्याआधी शहरांत जुन्या वाड्यांवर 'धोकादायक इमारत' अशी नोटीस चिकटते. नोटिशीत रिकामं करा असं असतं, दुरुस्तीला आम्ही हात लावतो असं कधीच नसतं.

जिल्हा नियोजनाच्या निधीतला तीन टक्के वाटा गड-किल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांसाठी ठेवण्याची तरतूद राज्याने केली आहे. चांगली गोष्ट. पण त्यातला 'संरक्षित' हा शब्द सगळं ठरवतो. पारोळ्याचा किल्ला त्यात बसेल, किल्ल्याच्या सावलीत उभी असलेली घरं बसणार नाहीत. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीनंतर मालकाला इमारत जपण्याच्या बदल्यात बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची वाट मिळाली. ती वाट आमच्या उपयोगाची नाही. मुंबईत हवेतल्या चौरस फुटाला भाव आहे. चोपड्यात किंवा साक्रीत तो कागद घेऊन फिरलात तर लोक चहा पाजतील, विकत घेणार नाहीत. लहान गावाला रोख अनुदानच लागतं.

किती लागेल? जळगाव, धुळे, नंदुरबार या खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांत मिळून २५ तालुके आहेत. तालुक्याला वर्षाकाठी दोन घरं धरा, घराला पाच लाख धरा. अडीच कोटी झाले. आकडा माझा, पोस्टकार्डावरच्या हिशोबाइतकाच पक्का. पण तीन जिल्ह्यांच्या मानाने तो काही डोंगर नाही, आणि त्यातला मोठा भाग सुतार-गवंड्यांच्या मजुरीत जाईल, म्हणजे गावातच फिरेल. नाहीतरी धाबं घालणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. पुढच्या दहा वर्षांत त्यांच्या हातून कुणी शिकलं नाही तर निधी असूनही उपयोग नाही.

अटी कडक हव्यात. दुरुस्तीचा निम्मा खर्च निधीने द्यावा, निम्मा मालकाने. ज्याची ऐपत नाही त्याचा हिस्सा त्याच्या श्रमात धरावा. बदल्यात पंचवीस वर्षं घर पाडायचं नाही, दर्शनी भाग बदलायचा नाही, वर्षातून ठरावीक दिवस शाळेतल्या पोरांना आत येऊ द्यायचं. ही बांधिलकी ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, किंवा मालमत्ता पत्रकावर चढवायची, म्हणजे विकत घेणाऱ्यालाही ती लागू राहील. मोडली तर पैसा व्याजासह परत. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात वाड्याच्या उताऱ्यावर एकोणीस वारस असतात, त्यातले चार सुरतेला, एक अमेरिकेत, दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. सगळ्यांच्या सह्या मागाल तर छप्पर आधी खाली येईल. राहणाऱ्या वारसाच्या अर्जावर दुरुस्ती मंजूर करावी आणि मालकीच्या भांडणाला हात लावू नये, एवढी मोकळीक नियमात हवीच.

एक आक्षेप असा आहे की तो मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. धुळ्यातल्या एका कार्यकर्त्या मित्राने तो मला तोंडावर टाकला. ''तुझ्या मामाच्या ओसरीच्या खाली माझा आजा उन्हात उभा राहायचा. त्याची पोरं वेठीला राबली तेव्हा ती तुळई वर चढली. आता माझ्या कराच्या पैशातून ती जपायची?'' मी बराच वेळ गप्प राहिलो. माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही आणि असल्याचा आव आणत नाही. पण दोन गोष्टी मला दिसतात. निधी फक्त पाटील-देशमुखांच्या वाड्यांवर गेला तर तो निधी बंद पडलेला बरा. पावऱ्यांचं बांबूचं घर, धुळ्यातलं हातमागाच्या खड्ड्यासकटचं मोमिनाचं घर, महारवाड्यातलं पुस्तकांची पहिली पेटी जिथे आली ते दोन खणांचं घर, यांचा वाटा आधी बाजूला काढून ठेवावा, उरेल त्यात वाडे. आणि ज्या वाड्याला पैसा मिळेल त्याने आपली गोष्ट पूर्ण सांगावी. कोणत्या पायरीपर्यंत कोण येऊ शकत होतं, पाणी कुठून वाढलं जायचं, धान्याचं बळद कुणाच्या पाठीवरून भरलं गेलं, हे त्या ओसरीवर लिहिलेलं असावं. ते सांगणारा वाडा जपायला हरकत नाही. ते लपवून नुसती नक्षी दाखवणारा वाडा व्यापाऱ्याने नेला तरी मला चालेल.

मित्र म्हणाला, ''असं लिहायला तुझा मामा तयार होईल?'' मी म्हटलं, मामाला आता विचारून उपयोग नाही, त्याच्याकडे ओसरीच राहिलेली नाही. तो हसला, पण त्याने मुद्दा सोडला नाही. सोडूही नये.

सुरुवात कुठून करायची, तर यादीपासून. कुठल्या गावात काय उभं आहे याची नोंद तिन्ही जिल्ह्यांत एकत्र कुठेच माझ्या पाहण्यात नाही. त्याला फार पैसा लागत नाही. जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं आहे. त्याच्या महाविद्यालयांतली मुलं उन्हाळ्याच्या सुटीत आपापल्या गावातलं एक-एक घर मोजून आली, नकाशा, खणांची संख्या, फोटो, घरच्या म्हातारीची दोन वाक्यं, तरी तीन वर्षांत बरंच हाती लागेल. मोजलेलं घर पडलं तरी नकाशा मागे राहतो. न मोजलेलं पडलं की भाचे-पुतणे जेवताना त्याच्या खणांच्या संख्येवरून भांडतात. आमच्याकडे तेच झालं. मावशी चौदा म्हणते, मामा सोळा.

गेल्या दिवाळीला गेलो तेव्हा मी टेप घेऊन गेलो. मामाच्या जागेवर आता पत्र्याची एक शेड आहे, मागे गवत, आणि एका तळखड्याला म्हैस बांधलेली. बाकीचे दगड ज्याच्या त्याच्या जागी आहेत, कारण ते उचलायला कुणी आलंच नाही. मी आणि मामा गवत बाजूला करत फिरलो. दोन दगडांतलं अंतर मी मोजायचो, तो आकडा वहीत लिहायचा. चौकाच्या कडेचा एक दगड सापडेना. मामाने काठीने दोन ठिकाणी टोचून पाहिलं, मग वाकून हाताने माती उकरली. तो तिथेच होता, वितभर खाली. सोळाच खण भरले.